बसून उतरलेली धार

चूक बाबांची, मास्तर. शंभर टक्के. आणि पँट नुसती उसवलेली नाही, उजेडाला धरून बघा — मागे कापडच उरलेलं नाही, जाळी झालीय. कुत्रं? छे, कुत्र्याची काय बिशाद. सांगायचं नव्हतं खरं, पण तुम्ही विचारलंतच — नाही विचारलंत? चेहऱ्यावर तर दिसतंय.

बाबा कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर. रिटायर झाले आणि सुपरवायझरी घरी घेऊन आले. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, तेव्हापासून आमचं बोलणं आईमार्फत — 'त्याला सांग, जेवायला वाढलंय.' मी समोरच बसलेलो. त्यात मला डोंगरवाटांवर माणसं न्यायचं काम मिळत होतं. आधी तीन फेऱ्या चाचणीच्या, तिसरी नीट झाली की नोकरी पक्की. आणि तिसऱ्या फेरीला कोण यावं? बाबा आणि त्यांच्यासोबत सकाळी फिरायला जाणारे सहा म्हातारे. सगळे एकापेक्षा एक शहाणे. एकजण तर मला श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होता, स्वतः भात्यासारखा धापा टाकत. मी सांगतोय, डोंगराच्या धारेवर एकामागून एक चाला, काठी पुढे टेका — तर बाबा म्हणतात, 'आम्हाला शिकवू नका.' नका म्हणे. पोटच्या पोराला अहो-जाहो.

पण ती धार, मास्तर — गेलायत कधी? या मशीनवरून उठून कधी जाणार तुम्ही. चढ असा की गुडघा हनुवटीला लागतो, आणि वर पोचलात की वाट तुमच्या या कापायच्या टेबलाएवढी रुंद, दोन्ही बाजूंना काही नाही, नुसती हवा, पार खाली नदी लखलखतेय, वारा शर्टात शिरून शर्ट फुगवतोय — मला तिथे गेलं की हसूच येतं, उगाच, वेड्यासारखं. तसाच हसत मागे वळलो, तर सुपरवायझरसाहेब खाली बसलेले. डोळे गच्च मिटून. म्हातारे तुरुतुरु पुढे निघून गेलेले, त्यांच्यापैकी कुणी बघितलं नाही. म्हटलं, 'चला.' तर म्हणाले, 'पाय उचलत नाहीत रे.' रे म्हणाले. दोन वर्षांनी.

मग काय, बसूनच. मी त्यांच्याकडे तोंड करून पुढे उकिडवा, त्यांचे बूट माझ्या गुडघ्यांना टेकवलेले, आणि फूटभर सरका, थांबा, फूटभर सरका — अशी अख्खी धार. खडक किसणीसारखा, त्यावर ही निरोपसमारंभाला शिवलेली पँट काय टिकणार. माझं मनगट असं धरलेलं की नखांचे वण अजून आहेत, हे बघा. आणि मधेच त्यांना हसू फुटलं, मास्तर. मग मलाही. मीही बसलो खाली. दोघं ढुंगण टेकून, आभाळात, खदाखदा — पोट दुखायला लागलं, थांबायचं म्हटलं तरी थांबेना. मी त्यांना असं हसताना कधी बघितलंच नव्हतं.

परतीची वाट नदीकाठाने, एकदम सपाट. शेवटी पुलापाशी या फेऱ्या काढणाऱ्या आमच्या मालकीणबाई थांबलेल्या. म्हणाल्या, दीड तास उशीर का? मी तोंड उघडायच्या आत बाबाच — कमरेला माझं जॅकेट, मीच बांधून दिलेलं, फाटलेलं दिसू नये म्हणून — मोठ्या आवाजात, सगळ्यांदेखत, 'माझा पोरगा आहे हा. धारेवर घाबरला. बसूनच राहिला, मला धरून आणावा लागला.' दोन वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत माझा पोरगा म्हणाले, ते असं. म्हाताऱ्यांनी च्यक च्यक केलं. बाईंनी मला विचारलं, खरंय?

जॅकेट ओढलं असतं की झालं असतं. का नाही ओढलं? मला काय विचारता, तुम्ही पँट शिवा. त्यांनी एका हाताने जॅकेटची गाठ धरून ठेवली होती, आणि माझ्याकडे बघत नव्हते, म्हणून — कशासाठीच नाही. म्हटलं, हो बाई, घाबरलो.

आतून जाड कापड लावा. आईच्या लक्षात येता कामा नये. द्या ती पावती, निघतो मी. नाही, घाई कसली, कधीही शिवा, मी रिकामाच आहे. नोकरी गेली.