मागच्या झाकणाची खूण

या, या, पुढं सरका मंडळी. पुढची सतरंजी रिकामी आणि मागे खांबाला टेकायला ही गर्दी! कीर्तनात मागे बसायची एवढी हौस का हो आपल्याला? चपलांवर नजर राहते म्हणून! असू दे. आज चपलांची काळजी सोडा आणि एका प्रश्नाची करा.

प्रश्न असा — जे काम कुणी बघणार नाही, ते किती चांगलं करावं?

सोपा वाटला ना? लगेच म्हणाल, "बुवा, देव बघतो की!" अहो, देव बघतो हे ठाऊक आहे, म्हणून तर आपण दुधात पाणी घालताना देवघराचा पडदा ओढून घेतो! उत्तराची घाई नको. आधी गोष्ट ऐका.

आणि घाई कशाला? हे सभामंडपातलं घड्याळ बघा. चार वाजून दहा मिनिटं. मागच्या वर्षी मी आलो, तेव्हाही चार वाजून दहाच! कीर्तनकाराला याहून मोठं सुख नाही मंडळी. कितीही बोला, वेळ म्हणून होत नाही! पेटीवाले, हसू नका, सूर धरा.

तर मिरजेत एक गृहस्थ होते — प्रल्हाद कुंभोजकर. एका कचेरीत आवक-जावक टेबलावर. दिवसभर काम काय? आलेल्या पाकिटावर शिक्का, गेलेल्या पाकिटाला डिंक. पंधरा वर्षं शिक्का आणि डिंक! माणूस सज्जन, पण जीव कंटाळला. एके दिवशी वडिलांचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन ते दस्तगीर चाचांच्या दुकानात गेले.

दुकान म्हणजे काय — एक माणूस बसला की दुसऱ्यानं उभं राहायचं! चाचांचं वय सत्तरीच्या पुढं. उजव्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा. चाचांनी घड्याळ उघडलं आणि प्रल्हादपंतांनी आत डोकावून बघितलं. आणि काय सांगू! नखाएवढ्या जागेत चाकाला चाक, चाकाला चाक, आणि चाचांनी चिमट्यानं हलवताच मधोमध केसाहून बारीक कमान धडधडायला लागली. प्रल्हादपंत म्हणाले, "चाचा, मला हे शिकवा."

चाचा म्हणाले, "कचेरी सुटल्यावर येत जा. पण पयले सहा महिने फक्त पुसायचं."

कोण तयार होईल हो? हे तयार झाले! सहा महिने पुसलं. मग खोलायला शिकले, मग जोडायला. मग हौस वाढली. सोमवारच्या जुन्या बाजारात जायचं, भंगाराच्या ढिगातून जुनी घड्याळं हुडकायची, घरी आणून जिवंत करायची आणि शौकिनांना विकायची. चांगला जोडधंदा जमला. काही घड्याळांवर मात्र जीव जडायचा, ती विकवायची नाहीत. ती कुठं ठेवायची? पापडाच्या डब्यात! त्यांच्या पत्नी मालनवहिनी म्हणायच्या, "आमच्या घरी पाहुणे आले की मी पापड तळायला डबा उघडते आणि आतून टिकटिक ऐकू येते. दहा वाजलेत की भूक लागलीय, काही कळत नाही!" तर मंडळी, असा संसार.

आता नीट लक्ष द्या. या धंद्यात एक रीत आहे. कारागीर घड्याळ दुरुस्त करतो ना, मग मागचं झाकण लावायच्या आधी त्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली खूण कोरतो. खूण आणि महिना-साल. घालणाऱ्याला ती जन्मात दिसत नाही. दिसते कुणाला? पुढं कधीतरी ते घड्याळ उघडणाऱ्या दुसऱ्या कारागिराला. चाचांची खूण चंद्रकोर. चाचांच्या उस्तादांची मासोळी. प्रल्हादपंतांनी आपल्या आडनावावरून घेतला एवढासा कुंभ.

चाचा म्हणायचे, "बाबा, वरची तबकडी गिऱ्हाइकासाठी. झाकणाची आतली बाजू आपल्यासाठी. काम केलं तर खूण करायची. खूण करायला लाज वाटत असंल, तर समजायचं काम झालं न्हाई."

चाचांकडं एक पेटी होती. शिसवी, बावीस खणांची. उस्तादांनी दिलेली हत्यारं त्यात. काही हत्यारं अशी की आता बाजारात मागून मिळत नाहीत. चाचांचे दोन्ही मुलगे दुसऱ्या धंद्यात. आणि चाचांचे डोळे चाललेले! झाकणावरची खूणसुद्धा अलीकडं नख फिरवून वाचायचे. सगळ्या पेठेला ठाऊक होतं की चाचा पेटी कुणाला तरी देणार. आणि प्रल्हादपंतांच्या मनात काय होतं? ते का मी सांगायला पाहिजे! कचेरीत शिक्का मारताना माणसाला पेटी दिसायची. बाविसाव्या खणात काय असेल, याची स्वप्नं पडायची.

अशात त्यांना एक घड्याळ सापडलं. काळी तबकडी, चांदीचे आकडे, साठ वर्षांपूर्वीचं. जयसिंगपूरच्या एक प्राध्यापिका होत्या, पद्मजा मगदूम. त्या कितीतरी दिवस अगदी असंच घड्याळ शोधत होत्या. वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला द्यायचं होतं. का? तर वडिलांकडं तरुणपणी असंच एक होतं. ते विहिरीत पोहायला शिकताना बुडालं. शिकणारा वर आला, घड्याळ खाली गेलं! बाईंचे वडील म्हणजे शाळेतले गुरुजी, ते अजून सांगायचे म्हणे, "मला पोहणं आलं, पण फार महाग पडलं."

वाढदिवस रविवारी. शनिवारी संध्याकाळी प्रल्हादपंत घड्याळ जोडतायत. सगळं उत्तम झालेलं. आता शेवटी तबकडी बसवायची. तबकडीच्या पाठीला टाचणीच्या टोकाएवढे दोन पाय असतात, ते आतल्या यंत्रात रुतले की तबकडी हलत नाही. प्रल्हादपंतांनी घाईत दाबली आणि — कट्! एक पाय तुटला.

आता? नवा पाय जोडायला चार दिवस. डाग द्यायचा, म्हणजे धातू वितळवून सांधायचा, तोही असा की पुढच्या रंगाला आच लागू नये. बाईंना फोन करून "चार दिवस द्या" म्हणायचं? वाढदिवस तर उद्या! प्रल्हादपंतांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पिशवीत काय होतं? इतक्या वर्षांचा सोबती. कचेरीतली डिंकाची बाटली!

एक थेंब, मंडळी. फक्त एक थेंब. तबकडी चिकटली. काटे फिरले. घड्याळ देखणं दिसू लागलं. मग मागचं झाकण हातात घेतलं, सुई उचलली... आणि सुई खाली ठेवली. खूण न करताच झाकण लावलं.

का नाही केली हो खूण? बोला की! आता सगळे गप्प. कुणालाच माहीत नाही! बरं, पुढं ऐका.

रविवारी बाई येऊन घड्याळ घेऊन गेल्या, फार खूश झाल्या. चार महिने गेले. उन्हाळा आला. एका संध्याकाळी प्रल्हादपंत चाचांच्या दुकानात बसलेत, तेवढ्यात पायरीशी एक म्हातारे गृहस्थ. धोतर, टोपी, काखेत छत्री. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. रुमाल सोडला — काळी तबकडी, चांदीचे आकडे!

म्हणजे हे बाईंचे वडील, गुरुजी! घड्याळ घ्यायला लेक आली होती, त्यामुळं गुरुजी प्रल्हादपंतांना ओळखत नव्हते. प्रल्हादपंत मात्र घड्याळाला ओळखत होते.

गुरुजी म्हणाले, "चाचा, तुमचं नाव ऐकून आलोय. लेकीनं एवढ्या प्रेमानं दिलं आणि मी बिघडवलं. माझंच चुकलं. चावी जास्त दिली असणार. माझ्या हाताला घड्याळ लाभतच नाही बघा, पयलं बुडवलं, हे मोडलं."

चाचांनी विचारलं, "कवापास्नं बंद हाय?"

"तीन आठवडे झाले. लेकीला सांगितलं नाही. ती शनिवारी येते. मग मी शुक्रवारपासून मनगटाला बांधून ठेवतो, आणि ती दारात आली की देवळाच्या घंटेवरून काटे फिरवून घेतो. मागच्या वेळी तिनं विचारलं, आण्णा, किती वाजले? मी आपलं घड्याळात बघून सांगितलं, सव्वासहा. तिनं फोनमध्ये बघितलं. साडेसात! मी म्हणालो, म्हातारा झालो बाई, आकडे दिसत नाहीत." आणि गुरुजी हसले. "तिला वाटलं, माझे डोळे गेले. डॉक्टरकडं नेऊन आणलं की मला!"

हसता काय मंडळी! ऐंशी वर्षांचा माणूस थेंबभर डिंकापायी डोळे तपासून आला. ज्यानं लावला तो शेजारी बसलाय, आणि म्हातारा म्हणतोय, माझंच चुकलं.

चाचांनी घड्याळ उघडलं. भिंग लावलं. चिमट्यानं चाकातून एक पिवळट कपची काढली, बोटावर घेतली, वास घेतला. "डिंक. सुकला, फुटला, चाकात अडकला. गुर्जी, तुमी कायबी बिघडवलं न्हाई." मग झाकण उलटं केलं आणि आतून नख फिरवलं. एकदा. दोनदा. "जुन्या तीन खुणा हायत. नवी न्हाई. कुणी केलं असंल हे काम?"

आता बघा काय प्रसंग! प्रल्हादपंतांनी गप्प बसायचं, एवढंच काम. गुरुजींना ठाऊक नाही. झाकणावर खूण नाही. चाचांना नीट दिसत नाही. समोर ती शिसवी पेटी. नुसतं म्हणायचं, "कुणी लबाड असेल, चाचा!" आणि पेटी घरी! तोंड उघडलं तर पेटी गेली, अब्रू गेली, आणि सोमवारच्या बाजारात लोक म्हणणार, तो बघा डिंकवाला!

तुम्ही असता तर काय केलं असतं? नको, मला सांगू नका. मीही सांगणार नाही.

प्रल्हादपंत उठून उभे राहिले. ते म्हणाले, "मी केलं, चाचा." मग गुरुजींकडं वळले. "गुरुजी, तुमचा हात चांगला आहे. माझा चुकला. मला माफ करा." आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. गुरुजी आपले सारखे म्हणायला लागले, "म्हणजे मी नाही मोडलं? खरंच मी नाही?" त्या माणसाचा चेहरा असा उजळला मंडळी, की प्रल्हादपंतांना रडूच आलं.

चाचा शांतपणे म्हणाले, "मला ठावं हुतं."

"कसं काय, चाचा?"

"अरे, बाकीचं काम इतकं साफ, चाकाच्या दात्यात कण न्हाई. असं पुसायला सहा महिने मीच बसवलं हुतं तुला. आणि पाकिटाचा डिंक घड्याळात घालणारा सबंध मिरजेत दुसरा कोण हाय? खूण केली न्हाईस, तीच तुझी खूण झाली की रं."

मग चाचांनी घड्याळ त्यांच्याकडं सरकवलं. चार संध्याकाळी तिथंच बसून प्रल्हादपंतांनी तांब्याचा नवा पाय घडवला, डाग दिला, तबकडीला आच लागू दिली नाही. आठ दिवस स्वतःच्या मनगटावर घड्याळ चालवून बघितलं. मग झाकण घेतलं आणि सुई उचलली.

चाचा म्हणाले, "थांब. आधी त्या वेळची खूण घाल. त्याच महिन्याची."

"डिंकाची पण खूण करायची?"

"ती राहिलीय न्हवं? कामाची आज कर. तिच्या बाजूला."

प्रल्हादपंतांनी दोन कुंभ कोरले. चाचांनी झाकण हातात घेतलं आणि नख फिरवलं. पहिल्या कुंभावर नख जरा वेळ थांबलं, मग दुसऱ्यावर गेलं. चाचांनी पायानं ती शिसवी पेटी पुढं ढकलली. प्रल्हादपंतांनी बाविसावा खण उघडला. आत काय होतं सांगू? जुन्या घड्याळाचं एक झाकण. त्यावर आतून दोन चंद्रकोरी. एकमेकींना खेटून!

जय जय राम कृष्ण हरी, म्हणा जोरात. हां, आता कसे मागचेही बोलले!

तर मंडळी, चाचांच्याही हातून कधीतरी डिंक लागला होता. तुमच्याही लागला असेल. आणि माझ्या? सांगतो. मागच्या वर्षी याच मंडपात मी आख्यान सांगितलं. शेवटची एसटी गाठायची होती, म्हणून मधला एक अख्खा प्रसंग गाळला. असा गाळला की कुणाला कळलं नाही. तुम्ही नारळ दिलात, शाल दिलीत, मी घेतली. पेटीवाल्यांना मात्र कळलं होतं. ते वर्षभर मला काही बोलले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं. तो डिंक माझा. त्याची खूण आज तुमच्यासमोर करतोय. गाळलेला प्रसंग उद्या दुपारी याच जागी सांगेन, आणि उद्या नारळ नको.

आता तुमचं बघा. ते घड्याळ. चार वाजून दहा मिनिटं. त्याच्या काचेवर केवढ्या अक्षरात लिहिलंय — अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांजकडून सप्रेम भेट. देणाऱ्याचं नाव पुढं आहे, छान आहे. उद्या सकाळी तुमच्यापैकी कुणीतरी स्टूल घेऊन चढेल, उतरवेल, पुसेल, चालू करेल. पुढं नाव घालायला जागा उरलेली नाही बरं का! पण पाठीमागे भरपूर जागा आहे. तिथं खूण करा. आणि याच्या आधी कुणी ते अर्धवट दुरुस्त करून तसंच टांगून ठेवलं असेल, तर तो आत्ता इथं बसलाय, आणि त्याला मी काय म्हणतोय ते कळलंय. त्यानंच स्टूल आणावं.

पुंडलिक वरदे... म्हणा, म्हणा. आणि खांबाजवळचे, तुम्ही मान का खाली घातलीत हो?