दहा गरिबांची हजेरी

सकाळचे साडेसहा, नगरपालिकेच्या जलतरण तलावाची खिडकी. माझ्यापुढे सुनंदाबाई होत्या, रोहण्याहून येऊन इथे धुणीभांडी करणाऱ्या. त्यांची पोरगी कालव्यात पडून थोडक्यात वाचली होती. तिला पोहायला शिकवायचं, पण फी झेपत नव्हती.

"बाई, गरिबांच्या दहाही फुकट जागा भरल्या," कारकून म्हणाला. "ते पाहा, पोहून राह्यले."

पाण्यात तर सगळी गाडी-बंगलेवाली मंडळी. माझं डोकं सणकलं. खिडकीतून यादी ओढली आणि काठावरून ओरडलो, "दारिद्र्यरेषेखालच्यांनी हात वर करा! हजेरी आहे!"

एक हात वर होईल तर शपथ. यादीत पहिलंच नाव असलेल्या ठेकेदारानं तर पाण्यात बुडीच मारली.

"साहेब, काऊन लोकायची इज्जत काढून राह्यले?" कारकून धावत आला.

"लोकायची कुठं?" मी म्हणालो. " गरीब तं एकही आला नाई. लिही, दहाही गैरहजर. गैरहजराची जागा दुसऱ्याले, हा नियम तुमच्याच भिंतीवर लिवला हाये."

त्याला लिहावंच लागलं. महिन्याभरात सुनंदाबाईंची पोर या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहली, आणि बाई काठावर उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या.

त्या दहाही जणांच्या उत्पन्नाच्या दाखल्यांवर एकच तारीख आणि एकच सही आहे. ती कोणाची, हे मी नगरपालिकेला तीनदा लेखी विचारलंय. अजून उत्तर नाही.