एव्हरेजवाली गाडी

लिहून घ्या ताई, पन मी जसा बोलून राहिलो तसंच लिहा, मागून गोड करू नका. माह्यं नाव विनायक, पन रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यात विनायक विचारसान तर कोनी सांगनार नाही, मराठी मिस्त्री विचारा, कोनीही बोट दाखवन. बाप गोंदियाकडचा, रेल्वेत फिटर, बदलीवर रायपूरले आला आन इथंच राहिला. माहा जन्म इथंच, क्वार्टरमध्ये. घरात आमी असं बोलतो, दुकानात हिंदी, आन खेड्याकडचं गिराईक आलं का हव हव करत छत्तीसगढी. बापाले वाटे मीबी रेल्वेत लागावं, नाही लागलो, मले गाड्यायचा नाद. तलावाजवळ एका उस्तादाच्या हाताखाली पाना पकडायले शिकलो आन मंग आपलं दुकान टाकलं, दुकान म्हंजे काय, एक टपरी आन समोरचा रस्ता. तीस वर्सं झाले. माह्या हाताले कोनी नाव नाही ठेवलं आजपर्यंत, आन त्याचाच मले जास्त राग येते.

राग कोनाचा म्हनता, सगळ्यायचाच. पहिले गिराइकाचा. काय सांगू तुमाले, इथल्या मानसाले गाडी कशी चालते याच्याशी मतलब नाही, एव्हरेज किती देते एवढंच पाहिजे. ब्रेक लागत नाही, चालन. टायर घासून गुळगुळीत झाला, चालन. एव्हरेज पडलं का धावत येते, भैया, गाड़ी पेट्रोल पी रही है. अरे थे पेट्रोल नाही पिनार तर काय उसाचा रस पिनार.

आता चोक तुमाले सांगतो, नाहीतर पुढचं समजनार नाही. इंजिन थंडं असलं का त्याले चालू होताना पेट्रोल जास्त लागते आन हवा कमी. त्याच्यासाठी जुन्या गाड्यायले हँडलजवळ एक खटका असते, त्याले चोक म्हनतात. खटका ओढा, किक मारा, इंजिन गरम झालं का खटका वापस ढकला. एवढं सोपं. पन लोक ओढतात आन विसरतात, तसेच दिवसभर गोल बाजारात फिरतात, पेट्रोल उडते, आन मंग माह्या छातीवर येऊन उभे, तुमने बिगाड़ दी. किती जनायले समजावलं, तोंड दुखलं माह्यं. मंग एक दिवस डोकं सटकलं, एकाच्या गाडीची चोकची तारच काढून टाकली, खटका शोभेले तसाच ठेवला, पेट्रोलचा स्क्रू कसून कमी केला. आठ दिवसानं तो मिठाईचा डब्बा घेऊन आला. झालं, तेव्हापासून हीच पद्धत पडली, माहीच नाही, आमच्या लाईनीतल्या सगळ्याच मिस्त्र्यायची. इथं थंडी तरी कोनती, पुसाच्या महिन्यात सकाळी जराशी, दोन किका जास्त मारा. गाडी दुकानात आली का हात आपोआप त्या तारेकडं जाते, गिराइकानं सांगो का न सांगो.

माही पोट्टी रश्मी. एकच आहे. तिले मराठी सगळं समजते, पन बोलते हिंदीतच, लहानपनापासून, आमी मराठीत विचारतो, ते हिंदीत जवाब देते, तसंच चालते आमचं. नर्सचं शिकली, नोकरी लागली, आन पोस्टिंग कुठं भेटली तर मैनपाटले, दूर वर थंड्या डोंगरावर. तुमी गेल्या असान फिरायले. रायपूरचे लोक जातात ना थंडीत गाड्या भरभरून, गवतावर बर्फ जमते थे पाहाले, फोटो काढाले. मले त्यायचाबी राग येते. तुमी दोन दिवस स्वेटर घालून हसता, तिथं मानसं राहतात ना जी.

आरोग्य उपकेंद्र एका जागी, पारे म्हंजे वस्त्या चारी दिशेनं दूरदूर, रस्ता चढउताराचा, पाऱ्यायकडं बस जात नाही. म्हनून मी तिले गाडी बनवून देली. माही सोताचीच जुनी मोटरसायकल. पूर्न खोलली, नवी चेन, नवे टायर, इंजिनचं काम असं केलं का मी माह्या लग्नातबी एवढं मन लावलं नसन. उन्हाळ्याचे दिवस होते, चड्डी-बनियनवर बसून काम करून राहिलो होतो, घाम गळून राहिला होता. त्या घामात थंडी कोनाले आठवते. हातानं तार काढली, स्क्रू कसला, डोक्याले विचारलंच नाही. मंग ट्रकवर चढवून पाठवून देली आन आमच्या सगळ्या मोहल्ल्याले सांगत फिरलो का पोट्टीले अशी गाडी देली, तिले कधी मिस्त्री पाहा लागनार नाही.

जानेवारीची गोष्ट. सकाळी मी दात घासून राहिलो होतो, तिचा फोन. पापा, गाड़ी स्टार्ट नहीं हो रही. आवाज कापत होता. पाच किलोमीटरवरच्या पाऱ्यातून मितानीनचा निरोप आला होता, मितानीन म्हंजे गावातली आरोग्याचं पाहनारी बाई, का एका बाईले रातीपासून कळा येऊन राहिल्या, पोरगं अडकलं आहे, लवकर ये. अँब्युलन्स खालून निघाली, पन घाट चढून याले वेळ. आन गाडीच्या सीटवर पांढरं जमलेलं, सेल्फ तर नुसता टिक टिक वाजून राहिला. म्हटलं किक मार. म्हने पापा, कबसे मार रही हूँ. म्हटलं चोक ओढ. म्हने खींच रही हूँ, ये तो ढीला घूम रहा है.

ताई, त्या मिनिटाले मले सगळं समजलं. तार नव्हतीच ना, मीच काढली होती. आन मी काय बोललो सांगू? मी तिच्यावर ओरडलो. तुले खटका ओढता येत नाही का, मिस्त्रीची पोट्टी आहेस का कोन आहेस, बरोबर ओढ, जोरानं ओढ, आन किक मार. ते बिचारी ओढत राहिली आन किका मारत राहिली. मी फोनवर ऐकून राहिलो, किक, किक, तिचा दम लागून राहिला. मले इलाज माहीत होता. इंजिनले हवा देनाऱ्या डब्ब्याचं तोंड फडक्यानं अर्धं बंद केलं का तोच चोक होते, कोन्याबी मिस्त्रीले माहीत असते. पन थे सांगलं असतं तर तिनं विचारलं असतं, चोक को क्या हुआ. म्हनून मी नाही सांगलं. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, मी तिलेच बोलत राहिलो. घरवाली हातात चहा घेऊन उभी होती, म्हने काहून ओरडून राहिले तिच्यावर, मी तिलेबी गप केलं.

मंग सांगलं. साईडचं पॅनल खोल, डब्ब्याच्या तोंडात तुहा स्कार्फ खुपस, अर्धा, पूर्न नाही. तिनं केलं. चौथ्या किकेले गाडी लागली. मी म्हटलं पाह्य, थंडीनं असं होते.

बाई वाचली. पोरगं नाही वाचलं. रश्मी पोचली तवा थे बाहेर आलेलं होतं, नाळ गळ्यात होती, मितानीननं जमलं तेवढं केलं होतं. डॉक्टर मागून म्हने, नर्स वेळेवर असती तरी पोरगं वाचलं असतं का, सांगता नसतं आलं. लोकं मले हेच सांगतात, तुमीबी आता हेच सांगसान. नका सांगू. डॉक्टरले वीस मिनिटायचं माहीत नाही. वरून तिले ऑफिसातून कागद आला, उशीर का झाला लिहून द्या. तिनं लिहून देलं, गाडी थंडीनं चालू झाली नाही. माह्यंच वाक्य.

तिसऱ्या दिवशी बसनं गेलो, खिशात तार घेऊन. तिनं खिचडी केली, डोळे सुजलेले. सकाळी ते उठाच्या पहिले मी अंगनात गाडीजवळ बसलो. बोटं अशी सुन्न झाले का पाना दोनदा पडला. सीटवर पुन्हा तसंच पांढरं जमलेलं, नखानं खरवडलं. तार टाकली, स्क्रू सैल केला, चोक ओढला आन किक मारली. एका किकेत लागली. माहा तीस वर्साचा हात, मले खुशी व्हाले पाहिजे होती, आन मले वाटलं हे गाडी बंद पडावी आता.

मागं पाह्यलं तर रश्मी दरवाज्यात, शाल घेऊन उभी. तिनं गाडीकडं पाह्यलं, माह्या काळ्या हाताकडं पाह्यलं. मिस्त्रीची पोट्टी आहे, तिले सांगा नाही लागत. तरी मी सांगलं, तार मीच काढली होती, सवयीनं. म्हटलं आता शिव्या देईन, रडन. ते म्हने, वो ठीक है पापा, गलती हो जाती है, पर फोन पे मुझे डाँट क्यों रहे थे? बस एवढंच. मी फडक्यानं पाना पुसत बसलो.

तेव्हापासून दुकानात कोनी एव्हरेजचं नाव काढलं का माह्या अंगात आग होते. पाच-सहा जुन्या गाड्या शोधून शोधून तारा वापस टाकल्या, गिराईक म्हनतात बुड्ढा सटक गया, बाजूच्या दुकानात जातात, तिथं तार काढून घेतात. जाऊ द्या. मी आता काम करून देतो पन तोंड सोडतो, तुमाले सांगतो ताई, शिव्या देतो गिराइकाले, आन देताना मले चांगलं माहीत असते का शिवी खरी कोनाले आहे.

रश्मीची बदली झाली असती, तिनं नाही घेतली, तिथंच आहे. फोन रोज करते, बीपीची गोळी घेतली का, आई कशी आहे, सगळं विचारते, राग नाही, काही नाही. फक्त गाडीचं बोलत नाही. दिवाळीत मीच विचारलं, सर्व्हिसिंगले घेऊन येतो का तुही गाडी, तर म्हने नहीं पापा, अंबिकापुर में एक मिस्त्री है, वहीं करा लेती हूँ, आप परेशान मत हो. देव तिच्या हाताले यश देवो, किती बायायचं बाळंतपन केलं तिनं त्या गाडीवर जाऊन. आता पुन्हा जानेवारी लागला. त्या मिस्त्रीनं तरी तार राहू देली असन का, एवढं विचाराचं आहे मले, रोज फोन येते आन रोज माही हिंमत होत नाही.