एकतीस फुल्या

लोटू : चहा घ्या, पन आधी मला एक सांगा साहेब. गुरुवारी दिवसभर तुम्ही माझ्या बायकोच्या मागे मागे का फिरत होते?

हर्षल : तेच सांगायला तर आलोय, लोटूभाऊ. सुट्टी असून उधन्यापर्यंत सायकल मारत आलो.

लोटू : सकाळी सात ते संध्याकाळी सात! ती गोडाऊनमध्ये तर तुम्ही गोडाऊनमध्ये. ती पान्याच्या माठाजवळ तर तुम्ही माठाजवळ. हातात कागद, कानाला पेन्सिल. अठ्ठेचाळीस माग खडखडताय नि कारीगर कापड सोडून तुम्हाला बघताय. तो हिलाल, ज्याचे माग मी दुरुस्त करतो, मला काय म्हनला माहितेय? म्हने, मास्तर, वहिनीला नवीन सावली लागली का?

हर्षल : अहो, मी त्या किती चालतात ते मोजत होतो.

लोटू : बायको माझी, पाय तिचे. मोजनारे तुम्ही कोन?

कलाबाई : बशी खाली ठेवा आधी, सांडेल. नि साहेबले आत बसू द्या. दारात उभं करून काय भांडताय? शेजारची सुषमा कान लावून बसली आहे.

लोटू : तू गप ऱ्हाय. मी सीधी वात करतोय, सरळ विचारतोय. साहेब, म्हनूनच मी हिला शुक्रवारपासून कामावर पाठवलं नाही.

कलाबाई : तुम्ही कुठे अडवलं? तुम्ही घोरत होते. मीच गेले नाही.

लोटू : तेच ते. ठरवलं तर मी पन तेच होतं.

हर्षल : कलाताई, तुम्ही आला नाहीत, म्हणून तुमच्या जोडीच्या सखुबाई आणि सरलाबाईपण आल्या नाहीत. दोन दिवस कारीगर स्वतः गोडाऊनमध्ये पळतायत कांड्या आणायला. सुताच्या कांड्या संपल्या की माग उभा. काल अर्धे माग उभे होते. शेठ दोनदा खाली आले आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघून वर गेले.

लोटू : काय बोलले?

हर्षल : सोमवारी माग चालले पाहिजेत, एवढंच. माझी पहिलीच नोकरी आहे हो. बाबा बँकेत आहेत, ते म्हणतात, परीक्षा देऊन ये आमच्यात. मीच म्हटलं, मला कारखान्यात जायचंय.

कलाबाई : तो कागद आनलाय का?

हर्षल : कुठला?

कलाबाई : गुरुवारचा. ज्यावर मी आहे.

हर्षल : आणलाय. हे बघा. हे आपलं खातं, म्हणजे मागांची शेड, हे माग, नंबर टाकलेत. हे पटांगण, आणि पलीकडे हे गोडाऊन, जिथे कांडी मशीन आहे. तुम्ही तिथून भरलेल्या कांड्या टोपलीत घालून मागापर्यंत नेता, रिकाम्या परत आणता. ही लाल रेघ म्हणजे तुम्ही.

कलाबाई : ही सगळी? ही तर गुंतलेली लड दिसतेय.

हर्षल : एका पाळीत चौदा किलोमीटर.

लोटू : किती?

हर्षल : चौदा. पावलं मोजून काढलंय, फार तर थोडं इकडे तिकडे.

लोटू : ही? अहो, ही संध्याकाळी येते नि उभ्या उभ्या भाकरी टाकते. कधी बोलली नाही पाय दुखले म्हनून.

कलाबाई : तुम्ही कधी विचारलं?

लोटू : ...गोडाऊन एवढं लांब ठेवलंच कशाला पन?

हर्षल : मी शेठना हेच विचारलं. ते म्हणाले, पहिले सहा माग घेतले तेव्हा तिथे जागा होती. सहाचे अठ्ठेचाळीस झाले, मशीन तिथंच राहिलं. आम्हाला शिकवलेली जपानी पद्धत एवढंच सांगते, लोटूभाऊ. माणूस घाम गाळतो, पण त्यातला किती कापडात उतरतो, किती नुसता जमिनीवर सांडतो, ते बघा. कांडी मशीन मागांच्या मधोमध आणलं, तर चौदाचे तीन किलोमीटर होतात.

लोटू : हे बराबर आहे. हे मला पटलं. मग हे आधी न सांगता कशाला केलं?

कलाबाई : माले बोलू द्या जरा. साहेब, तीन किलोमीटर झाले तर बाया किती लागतील?

हर्षल : म्हणजे, ते अजून नक्की...

कलाबाई : चहा थंड होतोय. किती बाया?

हर्षल : एक.

कलाबाई : आम्ही तिघी आहोत.

हर्षल : तुम्हाला काळजी नाही, कलाताई. तुमचं नाव मी पहिलं लिहिलंय. तुमच्याइतकं झपाझप कोणी...

कलाबाई : नि सखुबाई? तिचे गुडघे गेले, ते याच पटांगनात गेले. सरलाबाईच्या घरात तिच्याशिवाय कमावनारं कोन आहे? मी एकटी टोपली घेऊन फिरू, नि त्या दोघींनी फाटकाबाहेरून बघायचं?

हर्षल : मी तसं म्हटलं नाही.

कलाबाई : कागद म्हनतोय ना. यांचा भाऊ दगा ज्या मिलमध्ये होता, तिथे पन एक साहेब आले होते. घड्याळ घेऊन. गोड बोलायचे, दगाभाऊजी त्यांना पान खाऊ घालायचे. तीन दिवस मागे उभे राहिले. पाऊसपानी झालं, दिवाळी आली, नि आठ मानसं घरी. मी गुरुवारी तुमची पेन्सिल बघितली तेव्हाच समजले. म्हनून नाही आले. यांच्या त्या सावलीबिवलीचा काही संबंध नाही.

लोटू : मला का नाही सांगितलं?

कलाबाई : तुम्ही हिलालवर रागावलेले होते. मधे कुठे बोलू?

हर्षल : खरं सांगू का? आम्हाला शिकवताना सांगितलं होतं की जे काम वाचेल त्यावर माणूस घरी पाठवायचा नाही. एकदा पाठवला, की दुसऱ्यांदा कोणी तोंड उघडून सुधारणा सांगत नाही. ते सगळं माझ्या वहीत आहे. शेठना दाखवायचं टिपण केलं, त्यात मात्र ते लिहिलं नाही.

लोटू : का?

हर्षल : शेठनी विचारलं नाही. आणि मी घाबरलो. बिनकामाची दोन माणसं ठेवा, असं कुठल्या तोंडाने सांगू?

लोटू : हे तरी खरं बोलला तू. वं, साहेबले दुसरा चहा टाक.

कलाबाई : टाकते. या निळ्या फुल्या कसल्या?

हर्षल : त्या राहू द्या.

कलाबाई : माझ्याच रेघेवर आहेत. सांगा.

हर्षल : तुम्ही जिथे जिथे कारण नसताना थांबलात, तिथे फुली. एकतीस आहेत. आमच्यात त्याला वाया गेलेला वेळ धरतात.

कलाबाई : कारन नसताना.

हर्षल : म्हणजे मला दिसलं नाही कारण.

कलाबाई : मग विचारायचं. बारा तास मागे होते, तोंड तर होतं.

हर्षल : काम करणाऱ्याला मधे टोकू नये म्हणतात.

कलाबाई : ही फुली कुठली?

हर्षल : एकोणीस नंबरचा माग. सकाळी सव्वानऊ.

कलाबाई : तो हिलालकडचा. त्याच्याकडे आठ माग. तो बावीसवर गाठ मारत होता, नि इकडे एकोणीसवर ताण्याची तार तुटलेली, उभा धागाच गेलेला. कापडात लांब रेघ पडत चालली होती. मी टोपलीवर थाप मारली, तो पळत आला.

हर्षल : थाप मारलीत ती मी बघितली. मला वाटलं, तुम्ही ताल धरलाय.

लोटू : ताल! ऐक वं, ताल म्हने!

हर्षल : आणि ही? एकतीस नंबरच्या मागाजवळ, दुपारी बाराच्या आधी. इथे तर तुम्ही चांगलं अर्धं मिनिट उभ्या होतात, डोळे मिटून.

कलाबाई : धोट्याचा आवाज ऐकत होते. रोज चालतो तसा नव्हता. लंगडत होता. पट्टा सैल झाला की तसा येतो.

लोटू : थांब, थांब. एकतीसचा पट्टा मी बदलला गुरुवारी दुपारी. तो मी ओळखला. आवाजावरून!

कलाबाई : डबा खाताना तुम्हाला कोन म्हनलं, एकतीस लंगडतोय म्हनून?

लोटू : ते तर तू आपलं...

कलाबाई : नि मंगळवारी सातवर तेल गळतंय?

लोटू : अगं, शेठ चार व्यापाऱ्यांसमोर सांगतात, आमच्या लोटू मास्तरचा कान बघा! मी आपलं समजत होतो मलाच सुचतं.

कलाबाई : सुचू दिलं मी. त्यात काय बिघडलं?

लोटू : साहेब, हे तुम्ही लिहू नका.

हर्षल : नाही लिहीत. कलाताई, बाकीच्या सांगा ना. एक एक करून सगळ्या सांगा.

कलाबाई : ही तार. ही पन तार, नि या कडेच्या सगळ्या तारच. हा तेलाचा डाग. इथे भगवानला डुलकी लागली होती, दोन पाळ्या सलग केल्या होत्या त्याने, त्याला पानी दिलं. ही तार. इथे कांडी वाकडी बसवली होती नव्या कारीगराने. ही... ही मागच्या दाराजवळची ना?

हर्षल : हो. तीन वाजता.

कलाबाई : ही खरी आहे. तिथे मी वाऱ्याला थांबते.

हर्षल : ती राहू दे तशीच. लोटूभाऊ, तुमच्या लक्षात येतंय का? एकतीसपैकी बावीस फुल्या म्हणजे कापडातली चूक. आपल्याकडे ती कुठे सापडते? अख्खा ताका उतरला की तपासणीच्या टेबलावर. शंभर मीटर विणून झाल्यावर. या ती पहिल्या हातभर कापडात पकडतात, डोक्यावर टोपली असताना! आणि मी तीच जागा शोधून शोधून तिथे लिहिलं, वाया.

लोटू : शिकलेला मानूस आहे. चालायचंच.

हर्षल : मशीन मधोमध आणू. टोपलीला एक बाई. बाकी दोघी मोकळ्या हातांनी मागांमधून फिरतील. नुसतं बघायचं आणि ऐकायचं.

कलाबाई : रोज त्याच दोघी नको. एक दिवस टोपली, दोन दिवस फिरती, पाळीपाळीने. सखुबाईची नजर माझ्याहून तिखट आहे, तुम्ही तिच्या मागे फिरले नाही म्हनून तुम्हाला माहीत नाही.

लोटू : मी काय म्हनस, मी दुसऱ्या टोकाला असलो तर मला कळेल कसं? त्या खडखडाटात हाक ऐकू येत नही. मागावर लाल चिंधी बांधा. चिंधी दिसली की मी पळत येतो.

हर्षल : वा! जपानी कारखान्यांतही जवळजवळ हेच करतात.

लोटू : पन एक अडचन आहे. कारीगर भडकतील. बाई येऊन माझ्या मागावर चिंधी बांधते, म्हनजे काय? हिलाल तर टोपलीच भिरकावेल.

कलाबाई : मी नाही बांधनार. मी चिंधी त्याच्या हातात देईन. चूक त्याने बघायची, नि त्यानेच बांधायची.

लोटू : हं. मग नाही भडकनार. मग त्याला वाटेल त्यालाच सुचलं.

कलाबाई : तेच.

लोटू : तू माझ्याकडे बघून कशाला हसतेस?

हर्षल : शेठनी मला एक महिना दिलाय, माझ्या पद्धतीने करून बघायला. हा महिनाभर तिघींपैकी एकही कमी होणार नाही, हे माझ्या हातात आहे आणि ते मी आत्ता लिहून देतो. उद्या शेठसमोर वहीतलं ते राहिलेलं पानही ठेवतो. महिन्यानंतर मात्र खराब ताके किती कमी झाले, तेच बोलेल.

लोटू : होतील कमी. ती जिम्मेदारी माझी. कान माझा आहे ना!

कलाबाई : लिहा. तिघींची नावं लिहा. नि पेन्सिलने नको.

हर्षल : पेन आहे. सखुबाई, सरलाबाई, कलाबाई. खाली माझी सही. झालं?

कलाबाई : हे चौदा किलोमीटर म्हनजे किती लांब असेल, भाऊ? म्हनजे कुठून कुठवर?

हर्षल : इथून चलथाणपर्यंत जवळजवळ. का?

कलाबाई : नि रोज असं सरळ चालत सुटलं तर दोंडाईचा किती दिवसांत येईल?

हर्षल : दोंडाईचा साधारण दोनशे किलोमीटर. भागिले चौदा... पंधरा दिवस. पंधराव्या संध्याकाळी पोचाल.

कलाबाई : म्हनजे दर पंधरा दिवसांनी मी आईच्या दारात.

लोटू : हिचं माहेर तिथे, साहेब. दोंडाईच्याच्या अलीकडे.

कलाबाई : शेवटची गेले ती प्लेगच्या साली. सगळं सुरतच पळत होतं, आम्ही पन पळालो. गावाने आम्हाला वेशीच्या आत येऊ दिलं नाही, खळ्यात ठेवलं. आई लांबून भाकरी ठेवायची नि तिथूनच बोलायची. आठ दिवसांनी इकडे माग सुरू झाले, तसेच परत आलो. त्यानंतर तीन आखाज्या गेल्या. तिघींतली एक नसली तर कांड्या कोन आननार, म्हनून कोनालाच सुट्टी नाही.

लोटू : आखाजीला, म्हनजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी येतात, साहेब. आमच्या खानदेशात झोके बांधतात. ही त्या दिवशी खात्यात असते, नि मी हिला म्हनतो, पुरनपोळी केली का?

हर्षल : आखाजी कधी आहे यंदा?

कलाबाई : वीस दिवसांनी.

हर्षल : म्हणजे माझ्या महिन्यातच. मशीन मधे आलं की एक बाई नसली तरी कांड्या पोचतील. चार चार दिवस, आळीपाळीने तिघींना?

कलाबाई : पहिली मी नको. सखुबाईला विचारा आधी, मग सरलाबाईला.

हर्षल : ते तुम्ही तिघी ठरवा. मी तिघींचे अर्ज आजच भरून ठेवतो.

लोटू : हिने तुला भाऊ म्हटलं, ऐकलं ना? आता खुशाल फिर मागे. हिलालला मी बघून घेतो.

हर्षल : कलाताई, तुमचं नाव लिहिलं. दिवस, चार. खाली सुट्टीचं कारण लिहायचा रकाना आहे, शेठ तो नक्की वाचतात. काय लिहू?

कलाबाई : लिहा, बाई रोज चौदा किलोमीटर चालते. अजून माहेरी पोचली नाही.