पायाला हात

लातूर जिल्हा नवा झाला होता, पण दुष्काळानं दवाखान्यातला माठ कोरडाच पडला होता. संधिवाताच्या रांगेत आपली आखडलेली बोटं चोळत बसलेल्या पंचशीलाबाईंच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं पडत होतं.

“डागदरला काय सांगू? कसरतीनं गुडघा सुजला म्हणून?”

“कसरतीनं न्हाई सुजला.”

“मग? खाटंवर बसवून, टाच धरून मीच तर हळूहळू पाय सरळ करतो तुझा.”

“तेच की. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा म्हंजे पाप लागतंय.”

“म्हणून?”

“दुपारी तुमचा डोळा लागला की मी भुईवर गुडघे टेकून तुमच्या पाया पडते.”

“रोज?”

“हाव.”

“आगं, भुईवर बसू नको म्हणलंय ना डागदरनं!”

“डागदरला काय? पाप मला लागतंय.”



“मग असं करू. कसरत झाली की मीच माझा पाय उचलून खाटंवर ठिवतो. बसल्या जागी हात लाव.”

“एका पायावर उभं ऱ्हाणार? या वयात? तोल गेला तर?”

“तर तू धर.”