माझ्या युक्तिवादाचा विजय

परवा वाचनालयात माझी जी फजिती झाली, ती ऐकाच. जुळ्या राजपुत्रांची ती अद्भुत कादंबरी मला अत्यंत प्रिय. वाचनालयात येणारा वळसंग गावचा मल्लू मात्र त्याआधीच्या शनिवारी म्हणाला, "काका, लई भंपक हाय की!" मी तासभर त्याला तिचे मर्म समजावले.

परवाच्या शनिवारी तोच आनंदाने म्हणाला, "काका, झकास पुस्तक हाय!"

हा माझ्या युक्तिवादाचा विजय मी सर्वांना अभिमानाने सांगत होतो, तोच दारातून हुबेहूब दुसरा मल्लू आत आला.

"ह्यो माझा जुळा भाऊ, सिद्धू," आत आलेला आधीच्याकडे बोट दाखवून म्हणाला. "एकाच कार्डावर वाचतो आमी."

मी आशेने विचारले, "मग मल्लू, तुझे मत बदलले ना?"

"न्हाय की! पुस्तक भंपकच हाय. पन काका, तुमी सांगितलं ते लई झकास हुतं!"