मी टोप्या मोजल्या

आमचं गाव सायखेडा, गोदावरीच्या काठाला. जन्म तिथलाच, शाळा चौथीपोत्तर, म्होरं सगळं टमाटी, कोबी, वांगी. माझं नाव बाळू, आन् बापाला आमी नाना म्हणायचो. आमचा माल ट्रकनं रोज मुंबईला जायचा, पण मुंबई पाह्यली कुणी? नाना चेष्टेनं म्हणायचे, माझी टमाटी मुंबई पाहून आली, मीच राह्यलो. ते बोलणं मला लागलं बघा ताई, लिवून घ्या, ते लागलं म्हणून हे सगळं झालं.

आन् आजून एक लिवा. मी लहान आसताना नाना जत्रेला न्यायचे, तवा आधी पाळण्यापाशी उभं करून सांगायचे, बाळ्या, चुकला तं हिकडंतिकडं धावायचं नाय, जिथं हायेस तिथंच उभं राह्यचं, मी येतो हुडकत. दोन डाव चुकलो मी, दोन्ही डाव रडत उभा राह्यलो, आन् दोन्ही डाव नाना आले.

तं नव्वद सालानंतरची गोष्ट, गावात फोन एकच, पोष्टात. मीच पुढाकार घेतला, मुंबई दर्शनाची गाडी ठरवली, गावातले म्हातारे-म्हाताऱ्या गोळा केल्या. आई काय आली नाय, तिचे गुडघे. ती नानाला म्हणली, माझ्यासाठी बाटलीभर समुद्र आना, खारट आसतो म्हणत्यात, चाखून तरी पाहीन. नाना म्हणले, आनतो की, त्यात काय.

काय सांगू तुमाला, लय खूश व्हते नाना. राणीच्या बागेत हत्ती पाह्यला. मत्स्यालयात काचंतले मासे पाह्यले, तं म्हणत्यात, एवढ्या पाण्यात माझे चार वाफे भिजले आसते. म्हातारीच्या बुटात काय चढंना, म्हणं जोड्यात कोण शिरतं, मी खालीच बरा. मग गेट वेला गेलो. आता तुमाला ठावं हाय, यष्टीत जागा धरायची तं आमी खिडकीतून टावेल टाकतो, टोपी टाकतो. हितं गाडी आपलीच, जागा ठरलेल्या, तरी नानाला भरवसा नाय. खिडकीची जागा जाईल म्हणून उतरताना डोक्यावरची टोपी काढली आन् शिटाच्या पाठीवर वरच्या टोकाला बसवली. मी काय ते पाह्यलं नाय, मी तिकिटाच्या घाईत. पाह्यलं आसतं तं!

निघताना मोजायची पाळी आली. आमच्यात माणसाच्या तोंडाकडं बघून मोजत नाय, दीठ लागती म्हणत्यात, पंगतीत सुदिक पाठीमागून मोजत्यात. तसा मी पार मागच्या शिटापाशी उभा राह्यलो आन् टोप्या मोजल्या. बाया चुलतीनं मोजल्या. एकवीस गडी, एकवीस टोप्या. ड्रायव्हरला म्हणलं, चला. चौपाटीला भेळ खाल्ली, परत मोजल्या, परत एकवीस.

कसाऱ्याला चहाला थांबलो. नानाच्या शेजारचे रंगनाथकाका खाली उतरले, हातात टोपी. म्हणं बाळू, ही टोपी हितं, आन् नाना कुठं, मला वाटलं तुझ्यापाशी म्होरं बसले. दोनदा मोजली व्हती मी ती टोपी.

तसाच उलट्या गाडीनं मुंबईला गेलो. माझ्या डोक्यात काय बसलं, का नानांनी टोपी चौपाटीलाच काढली आसंल, शेवटचं ठिकाण तेच. दोन दिवस चौपाटी पालथी घातली, भेळवाल्यांच्या पाया पडलो. चौकीत म्हणले फोटो आना. गावावरून फोटो आले तं सगळ्यात टोपी. माझा बाप बोडका कसा दिसतो, मलाच सांगता येईना. टक्कल व्हतं का, केस किती व्हते, लाज वाटली ओ. दवाखाने पाह्यले, मुडदे पाह्यले, देवा, ते पण पाह्यलं.

तिसऱ्या दिवशी गेट वेला गेलो. तिथं एक चणेवाला व्हता, म्हणला, वो बाबा? दो दिन इधरच खडा था. जिथं आमची गाडी लागली व्हती ना, तिथंच. नाना बाटलीत समुद्र भरून वर आले तं गाडी नाय. तो म्हणं बसा बाबा, तं बसंना, चौकीत चला, तं हलंना. म्हणायचे, माझा पोरगा येणार हाय, त्याला ठावं हाय. तिसऱ्या दिवशी सकाळी बाटली चणेवाल्याकडं दिली, हिला सांभाळ, घोटभर पाणी पिऊन येतो म्हणले, ते गेले ते गेलेच. मी दुपारी पोचलो ताई. दुपारी. त्यांनी मला शिकवलेलं त्यांनी पाळलं, आन् मी तिकडं वाळू तुडवत बसलो.

बाटली आईला आणून दिली. तिनं चाखली नाय. म्हणली, त्यांच्या हातानंच चाखीन. देव्हाऱ्यात ठेवली, मागल्या साली आई गेली, तरी बूच तसंच हाय.

तवापासून दरसाल जातो. राणीची बाग, बूट, मत्स्यालय, सगळीकडं फिरून गेट वेला उभा राह्यतो. लोकं फोटो काढत्यात, हात करून कमान दाखवत्यात. माझी धाकटी शाळेच्या सहलीला निघाली तं म्हणली, आबा, तुमी एवढ्यांदा गेले, गेट वे कसा हाय सांगा ना. मी त्याच्याकडं पाह्यलंच नाय कधी, मी नुसती माणसं बघतो. तिला एवढंच म्हणलं, चुकली तं उभी राह्य, आन् बाईंना सांग, पोरांची तोंडं बघून मोजा, दीठ लागली तं लागू द्या.

उद्या पहाटंच्या यष्टीनं निघायचंय. टोपी पिशवीत घेतो, धुऊन ठेवलीय. देव तुमचं भलं करो ताई, तुमचे आईबाप तुमच्या नजरंसमोर राहोत. मुंबईला गेल्या तं गेट वेला जरा बघा. नाना आता नव्वदीला आले आसतील. बोडके आसतील.